अँग्लिकन पंथांतील पहिली स्त्री-बिशप

अँग्लिकन पंथांत प्रत्येक नव्या बिशपच्या मस्तकावर आधींचे बिशप हात ठेवितात; ही हस्तस्पर्शाची परंपरा थेट येशूच्या प्रेषितांपासून चालत आली, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. शतकानुशतकें ती पुरुषांपुरतीच होती. ११ फेब्रुवारी १९८९ रोजीं बॉस्टन येथें बार्बारा हॅरिस ह्यांच्या मस्तकावर ते हात टेकले आणि अँग्लिकन पंथांत प्रथमच एक स्त्री बिशप झाली.

हॅरिसबाईंचा जन्म १९३० सालीं फिलाडेल्फियांतील एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. उमेदीचीं वर्षें त्यांनीं व्यापारी कंपन्यांच्या प्रसिद्धिकार्यांत घालविलीं. १९६५ मध्यें कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठीं सेल्मा येथून निघालेल्या मोर्च्यांत त्या सामील झाल्या. १९७४ सालीं चर्चची संमति नसतां फिलाडेल्फियांत अकरा स्त्रियांना पुरोहितदीक्षा देण्यांत आली. त्या वेळीं मिरवणुकीच्या अग्रभागीं क्रूस घेऊन चालणाऱ्या ह्याच बाई होत. पुढें १९७६ मध्यें अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चनें स्त्रियांना हा अधिकार दिला, आणि १९८० सालीं हॅरिसबाई स्वतः पुरोहित झाल्या.

१९८८ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या धर्मप्रांतानें त्यांस साहाय्यक बिशप म्हणून निवडतांच आक्षेप सुरू झाले. बाईंना पदवी नाहीं, घटस्फोट झालेला, मतें जहाल! ज्या परंपरेच्या मुळाशीं गालीलचे कोळी आहेत, तिनें पदवीचा आग्रह धरावा हें नवलच. दुसरा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्त्री बिशप होऊंच शकत नसेल, तर तिच्या हातून दीक्षा घेणारेही खरे पुरोहित नव्हेत आणि सांखळी तेथेंच तुटते, असें विरोधकांचें म्हणणें होतें. इंग्लंडच्या चर्चनेंही पुष्कळ वर्षें अशी दीक्षा मान्य केली नाहीं.

जिवाच्या धमक्या आल्यामुळें पोलिसांनीं बंदुकीची गोळी अडविणारें चिलखत देऊं केलें. बाईंनीं तें नाकारलें. सुमारें ८,००० लोक समारंभास जमले होते. त्यांत फ्लॉरेन्स ली टिम-ओई ह्या वृद्ध चिनी बाईही होत्या. युद्धकाळांत मकावला पुरोहित पोहोंचेनात, म्हणून १९४४ सालीं हाँगकाँगच्या बिशपनीं त्यांस दीक्षा दिली होती. अँग्लिकन पंथांतील त्या पहिल्या स्त्री-पुरोहित. टीकेच्या भडिमारापुढें १९४६ मध्यें त्यांना आपलें काम थांबवावें लागलें, परंतु दीक्षा मात्र त्यांनीं सोडली नाहीं.

हॅरिसबाई २००२ मध्यें निवृत्त झाल्या आणि २०२० मध्यें निवर्तल्या. त्यापूर्वींच, २०१५ च्या जानेवारींत, यॉर्क येथें लिबी लेन ह्यांच्या मस्तकावर इंग्लंडच्या बिशपांनीं हात ठेविले. सांखळी तुटली नाहीं. ज्यांना तिच्याबाहेर ठेविलें होतें, त्यांच्याही हातीं ती आली, इतकेंच.