अकरावीला गणित सोडावं का? नववी ते बारावी गणिताचा क्रम समजून घ्या

मी वरठीचा. भंडारा रोड स्टेशन आमच्याच गावात आहे. मागच्या सुट्टीत घरी गेलो, तर दहावी झालेल्या मावसभावाने विचारलं, "दादा, अकरावीला गणित सोडलं तर चालते का?" त्याला आधी पूर्ण क्रम समजावला, मग उत्तर दिलं. तेच इथे लिहितोय. खालची माहिती महाराष्ट्र राज्य मंडळाची आहे.

नववी-दहावी: पाया

गणिताचे दोन भाग असतात. भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती. दहावीत प्रत्येकी 40 गुणांचा पेपर आणि 20 गुण अंतर्गत, असे एकूण 100.

• बीजगणित: रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी
• भूमिती: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन

अकरावी-बारावी: इथे वाटा फुटतात

• सायन्स: अकरावीत त्रिकोणमिती पुढे जाते आणि लिमिट, डेरिव्हेटिव्ह सुरू होतं. बारावीत मॅट्रिक्स, व्हेक्टर, इंटिग्रेशन येतं.
• कॉमर्स: याचं गणित वेगळं. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन थोडं असतंच, पण सोबत कमिशन, विमा, निर्देशांक असे व्यवहाराचे धडे.
• गणिताशिवाय: सायन्सला फक्त बायोलॉजी गट घेता येतो. कॉमर्सलाही गणित ऐच्छिक आहे.

सोडलं तर काय अडतं?

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. एनडीएच्या लेखी परीक्षेतही गणिताचा 300 गुणांचा पेपर असतो. नीटमध्ये मात्र गणित हा विषय नाही. म्हणजे डॉक्टर व्हायचं पक्कं असेल तर सोडा. अजून ठरलंच नसेल तर ठेवा. ठेवलेला विषय बारावीनंतर सोडता येतो, पण सोडलेला विषय मध्येच परत धरणं फार अवघड जातं.

माझी गाडी कुठे अडली होती?

अकरावीत लिमिट आलं आणि मला वाटलं, आपल्या डोक्यात गणितच नाही. हे उदाहरण बघा:

(क्ष² − 9) ÷ (क्ष − 3), क्ष 3 च्या जवळ जाताना किंमत किती?

थेट 3 ठेवले की 0 भागिले 0 येतं. पण क्ष² − 9 चे अवयव पाडा: (क्ष + 3)(क्ष − 3). वरचा-खालचा (क्ष − 3) गेला, उरलं क्ष + 3. उत्तर 6.

यात अकरावीचं काय होतं? फक्त एक नवी कल्पना. बाकी सगळे शाळेतले अवयव, आणि मी तेच विसरलो होतो. त्यात भर इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलो होतो, 'वर्गसमीकरण' येत होतं, पण 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' म्हणजे तेच, हे कळायला वेळ लागला. शेवटी जुनी पुस्तकं काढली, अवयवांचे सराव संच सोडवले. मग गाडी रुळावर आली.

मोबाईलचा उपयोग कसा कराल?

1. ई-बालभारतीच्या वेबसाईटवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. अकरावीत अडलात तर आठवी-नववीचं पुस्तकही डाउनलोड करून ठेवा.
2. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करा. धड्याशी संबंधित साहित्य उघडतं.
3. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स आधी स्वतः सोडवल्यावरच उघडा. कोणती पायरी चुकली तेवढंच बघा.
4. एका वहीत शब्दांच्या जोड्या लिहा: संभाव्यता – प्रोबॅबिलिटी, श्रेढी – प्रोग्रेशन, निर्देशक भूमिती – कोऑर्डिनेट जॉमेट्री.

भावाला मी एवढंच सांगितलं: "भीती वाटते म्हणून सोडू नको. कोणत्या धड्यापासून कळेनासं झालं ते आधी शोध." त्याने नववीचं पुस्तक काढलंय. तुमचा कोणता धडा अडलाय?