तोंड येते तेव्हा

तोंड येणे हा सर्वांच्या परिचयाचा त्रास आहे. ओठाच्या आत, गालाला किंवा जिभेच्या कडेला पिवळसर तळाचा, लाल किनारीचा लहानसा व्रण उठतो, तिखट लागले की झोंबतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतो. ‘उष्णता झाली’ असे म्हणून आपण तो विसरतो आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यात काही बिघडतही नाही. थोड्या माणसांत मात्र असाच व्रण एखाद्या दीर्घ आजाराचा भाग असतो. दोन्हींतील व्रण पुष्कळदा सारखेच दिसतात. मग फरक ओळखायचा कसा? वैद्यकाने हे कसे शोधले, ते पाहण्यासारखे आहे.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पोटदुखी, जुलाब, ताप आणि घटणारे वजन ही त्यांची लक्षणे. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून, व्रण पडून अरुंद झालेला असे. हे सारे आतड्याच्या क्षयासारखे दिसे, पण तो क्षय नव्हता. ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॅलझील यांनी १९१३ मध्येच असे रुग्ण वर्णिले होते, पण ते वर्णन मागे पडले. पुढे लक्षात आले की, हा ‘क्रोनचा रोग’ तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो.

त्याच सुमारास इस्तंबूलमध्ये हुलुसी बेहचेट या त्वचारोगतज्ज्ञांसमोर वेगळे कोडे होते. काही रुग्णांना तोंडात आणि जननेंद्रियांवर पुन्हा पुन्हा व्रण होत आणि त्यांचे डोळेही सुजत. एकेक अवयव वेगळा पाहिला, तर तीन निरनिराळे आजार वाटावेत. बेहचेट यांनी अशा रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले आणि १९३७ मध्ये हा एकच रोग असल्याचे मांडले. अथेन्सचे नेत्रतज्ज्ञ आदामांतियादिस यांनीही १९३१ मध्ये असा रुग्ण वर्णिला होता. रोगाचे कारण विषाणू असावा, हा बेहचेट यांचा तर्क सिद्ध झाला नाही, पण लक्षणांची त्यांनी घातलेली सांगड टिकली.

या रोगात काहींच्या आतड्यातही व्रण होतात. जपान व कोरियात हे प्रमाण अधिक दिसते. ते व्रण बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असतात. क्रोनचा रोग आणि आतड्याचा क्षय यांचीही ही आवडती जागा! म्हणून भारतात डॉक्टरांना तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. क्षयाला लागणारे औषध वेगळे. क्षय असताना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली, तर तो बळावतो.

बेहचेटच्या रोगाची खात्रीची एकच तपासणी आजही नाही. १९९० साली आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने निकष ठरवले: वर्षात किमान तीन वेळा तोंडात व्रण, आणि त्यासोबत पुढील चारांपैकी दोन गोष्टी: जननेंद्रियांवरील व्रण, डोळ्यांचा दाह, त्वचेवरील विकार किंवा सुई टोचलेल्या जागी एक-दोन दिवसांत पुळी येणे.

म्हणजे फरक सांगतात त्या व्रणाच्या सोबतच्या गोष्टी. वारंवार तोंड येते, पण बाकी प्रकृती ठणठणीत आहे, तर काळजीचे कारण सहसा नसते; लोह, फोलेट किंवा बी-१२ कमी आहे का, एवढे पाहावे. मात्र जोडीला लांबलेले जुलाब, शौचातून रक्त, ताप, घटते वजन किंवा लाल, दुखरे डोळे असतील, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. तीन आठवड्यांत न भरणारा व्रणही दाखवावा. तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच.

मुलांमध्ये क्रोनच्या रोगाची पहिली खूण कधीकधी उंची न वाढणे हीच असते. शाळेत मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी होतात. वारंवार तोंड येणाऱ्या, पोट दुखते म्हणून गैरहजर राहणाऱ्या मुलाची नोंद वर्षभर तिथेच थांबलेली दिसली, तर पालकांना जरूर सांगावे.