ड्रेस्डेन प्लेट (क्विल्ट-नमुना)

ड्रेस्डेन प्लेट हा अमेरिकी क्विल्टकामातील एक पारंपरिक नमुना आहे. निमुळत्या आकाराच्या कापडी पाकळ्या कडेला कड जोडून वर्तुळ तयार करतात, ते पार्श्वभूमीच्या चौकोनी कापडावर शिवतात आणि मधली मोकळी जागा गोल तुकड्याने झाकतात. पूर्ण झालेली आकृती फुलासारखी किंवा नक्षीदार थाळीसारखी दिसते. मूळचा हा नमुना घरातील उरल्यासुरल्या कापडाचा आहे. अलीकडे तो बाजारात मिळणाऱ्या पूर्वकापीव पट्ट्यांपासूनही केला जातो.

वरचे जोडकाम, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र शिवून क्विल्ट बनते. थर एकत्र शिवण्याचे तत्त्व मराठी वाचकांना गोधडीमुळे परिचित आहे. ड्रेस्डेन प्लेटचे वेगळेपण वरच्या थराच्या भूमितीत आहे.

नाव आणि इतिहास

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे नाव चिनी मातीच्या चित्रित भांड्यांशी जोडले गेले आहे. शहराजवळच्या माइसेन येथे १७१० मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना स्थापन झाला, तर ड्रेस्डेनमधील कार्यशाळांत भांड्यांवर फुलापानांची नक्षी रंगवली जाई. या थाळ्यांवरून नमुन्याला नाव मिळाले असे मानले जाते. नमुना मात्र जर्मन नसून अमेरिकी आहे. ‘फ्रेंडशिप रिंग’, ‘ॲस्टर’ आणि ‘ग्रँडमदर्स सनबर्स्ट’ ही त्याची इतर नावे होत.

१९२० आणि १९३०च्या दशकांत हा नमुना अमेरिकेत विशेष लोकप्रिय झाला. वृत्तपत्रे त्या काळी क्विल्टचे नमुने छापत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकाने १९२८ मध्ये असे नमुने देण्यास प्रारंभ केला. पुढे महामंदीच्या वर्षांत कापड विकत घेणे अनेक कुटुंबांना जड गेले. पीठ, साखर आणि पशुखाद्य ज्या सुती पिशव्यांतून येई, त्यांवर फुलांची छपाई असे. त्या उसवून कपडे शिवले जात आणि उरलेले तुकडे क्विल्टसाठी वापरले जात. एका पाकळीला बोटभर रुंदीचा तुकडा पुरतो, त्यामुळे एकाच थाळीत वीस वेगवेगळी कापडे सामावू शकत. त्या काळच्या क्विल्टांत पांढरी किंवा मांजरपाटाची पार्श्वभूमी, फिके रंग आणि पाकळ्यांच्या कडेने काळ्या दोऱ्याने घातलेला काजाचा टाका अनेकदा आढळतो.

पूर्वकापीव पट्ट्या

जपानमधील ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये फिरत्या पात्याचा कापड-कापक बाजारात आणला. त्यामुळे एकसारख्या पट्ट्या झटपट कापणे सोपे झाले. पुढे कापड-उत्पादकांनी कापलेल्या पट्ट्यांच्या तयार गुंडाळ्या विक्रीस आणल्या. ‘जेली रोल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुंडाळीत साधारणपणे ४० पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी २.५ इंच (६३.५ मिमी) रुंद आणि कापडाच्या पन्ह्याइतकी, म्हणजे सुमारे ४२ ते ४४ इंच लांब असते.

५ इंच लांबीची पाकळी पट्टीच्या लांबीच्या दिशेने कापल्यास एका पट्टीतून ८ पाकळ्या निघतात. ४० पट्ट्यांच्या ३२० पाकळ्या होतात आणि २० पाकळ्यांची एक थाळी धरल्यास त्यांत १६ थाळ्या बसतात. १६ इंचांच्या चौकोनांच्या चार रांगा केल्यास ६४ इंच (सुमारे १६३ सेंमी) बाजूचे क्विल्ट तयार होते.

पूर्वकापीव पट्ट्या वापरण्यापूर्वी धुवू नयेत; कडा उसवतात आणि रुंदी बदलते. काही पट्ट्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या कापलेल्या असतात. अशा वेळी २.५ इंचांचे माप दात्याच्या टोकापर्यंत आहे की खाचेपर्यंत, हे मोजून घ्यावे आणि सर्व पट्ट्यांना तीच रेषा धरावी.

पाकळीचे गणित

वर्तुळात ३६० अंश असतात, म्हणून २० पाकळ्यांपैकी प्रत्येकीचा कोन १८ अंशांचा असतो. वरची कड २.५ इंच आणि लांबी ५ इंच असल्यास खालची कड सुमारे ०.९२ इंच (२३ मिमी) येते. दोन्ही बाजूंना पाव इंच (सुमारे ६ मिमी) माया सोडलेली असते. तयार थाळीचा व्यास जवळजवळ १२ इंच, तर मधल्या छिद्राचा सुमारे २.६ इंच भरतो.

सर्व शिवणी सारख्याच प्रमाणात अधिक आत गेल्या, तर पाकळीचा कोन बदलत नाही. छिद्र थोडे लहान होते, पण थाळी सपाटच राहते. शिवण तिरकी गेली की मात्र कोन बदलतो. शिवण पाकळीच्या पूर्ण लांबीत १ मिमी सरकली, तर जोडलेल्या दोन पाकळ्यांमधून मिळून सुमारे ०.९ अंश कमी किंवा जास्त होतो. वीस शिवणींत ही चूक १८ अंशांवर, म्हणजे एका संपूर्ण पाकळीवर जाते. त्यामुळे या नमुन्यात मायेच्या नेमक्या मापापेक्षा ती आरंभापासून शेवटपर्यंत सारखी असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कृती

१. पट्ट्यांना खळ देऊन इस्त्री करावी. जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा साचा ठेवून पाकळ्या कापाव्यात.

२. पाकळी सुलट बाजू आत ठेवून उभी दुमडावी. रुंद टोकावर पाव इंच माया सोडून शिवण घालावी. घडीकडील कोपऱ्याचे जादा कापड कापून पाकळी उलटवावी. शिवण मागच्या बाजूस मधोमध आणून इस्त्री केली की टोकदार पाकळी तयार होते.

३. पाकळ्या रंगसंगतीनुसार मांडून घ्याव्यात. दोन पाकळ्यांचे वरचे खांदे नेमके जुळवून शिवणीला रुंद बाजूकडून प्रारंभ करावा आणि आरंभी उलट टाका घ्यावा.

४. पाच-पाच पाकळ्यांचे चार भाग करावेत. प्रत्येक भाग गुण्याच्या काटकोनात ठेवून पाहावा. ९० अंशांपेक्षा फरक असल्यास तो याच टप्प्यावर उसवून दुरुस्त करावा. नंतर दोन अर्धी वर्तुळे आणि शेवटी पूर्ण वर्तुळ जोडावे.

५. पार्श्वभूमीचा चौकोन १७ इंचांचा कापावा. ॲप्लिक करताना कापड थोडे आखडते. चौकोन चौपदरी दुमडून पाडलेल्या घड्यांच्या आधारे थाळी मध्यभागी ठेवावी, टाचण्या लावाव्यात आणि कडेने हाताने तुरपाई करावी किंवा मशीनवर काजाचा टाका घालावा.

६. मधल्या वर्तुळासाठी ३.५ इंच व्यासाचा पुठ्ठा आणि ४ इंच व्यासाचे कापड घ्यावे. कापडाच्या कडेने धावदोरा घालून तो पुठ्ठ्यावर आवळावा, इस्त्री करावी, पुठ्ठा काढावा आणि गोल तुकडा छिद्रावर शिवावा.

७. चौकोन १६.५ इंचांचे छाटून एकमेकांना जोडावेत. कापसाचा थर व अस्तर लावून तिन्ही थरांतून टाके घालावेत आणि कडेला गोट लावावा.

सामान्य दोष

थाळी मध्यभागी वाटीसारखी उचलली जात असेल, तर पाकळ्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमी पडलेली असते. शिवणी रुंद टोकाकडे अधिक आत गेल्याने असे होते. कडेला झालर पडत असेल, तर बेरीज जास्त झालेली असते आणि दोष अरुंद टोकाकडील शिवणींत असतो. इस्त्रीच्या वाफेने किरकोळ फरक दबतो. मोठा फरक पहिल्या धुण्यानंतर पुन्हा दिसू लागतो.

प्रकार

पाकळ्यांची टोके टोकदार, गोलाकार किंवा दोन्ही आलटून पालटून ठेवली जातात. १२ किंवा १६ पाकळ्यांच्या थाळ्याही प्रचलित आहेत. त्यांत प्रत्येक पाकळीचा कोन अनुक्रमे ३० आणि २२.५ अंश असतो. तशाच निमुळत्या तुकड्यांची क्विल्टच्या कडेने केलेली किनार ‘आइस्क्रीम कोन’ किनार म्हणून ओळखली जाते.

जुन्या क्विल्टांतील थाळीत घरातल्या अनेक कपड्यांचे तुकडे एकत्र येत, त्यामुळे ती कुटुंबाच्या वस्त्रांची नोंदही ठरे. पूर्वकापीव गुंडाळीतील कापडे बहुधा एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतील असतात. रंग आपोआप जुळतात, पण ती नोंद उरत नाही. जुन्या सुती कपड्यांतून २.५ इंच रुंदीच्या काही पट्ट्या कापून गुंडाळीत मिसळल्यास दोन्ही गोष्टी साधतात. नवे आणि जुने कापड साधारण एकाच जाडीचे असावे.