तीन मीटरांचे स्वातंत्र्य: जिम्नीपासून जिप्सीपर्यंत

१/ ताडोबाच्या प्रवेशद्वाराशी पहाटे उभ्या असलेल्या उघड्या गाडीला चंद्रपूरकडचा माणूस सरळ ‘जिप्सी’ म्हणतो. या गाडीच्या मुळाशी जपानचा एक नियम, एका छोट्या कारखान्याचे अपयश आणि एका घरजावयाचा हट्ट आहे. लहान, उघड्या, रानोमाळ फिरणाऱ्या वाहनाच्या आनंदाचा हा इतिहास. 🧵

२/ आरंभ युद्धात आहे. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. कापडी छत, दारांचा अभाव, समोरची आडवी होणारी काच: यांतले काहीही मौजेसाठी नव्हते. वजन कमी राहावे, गाडी शत्रूच्या नजरेत कमी भरावी, सैनिकाला झटकन उतरता यावे, एवढाच हेतू होता. शांतता आल्यावर मात्र याच उणिवा लोकांना सुखाच्या वाटू लागल्या.

३/ युद्धोत्तर जपानला गाड्या हव्या होत्या, पण रस्ते अरुंद आणि खिसे रिकामे होते. म्हणून सरकारने ‘केई’ हा लहान वाहनांचा वर्ग ठरवून त्यांना करांत सवलत दिली. १९६० च्या दशकातील त्याची मर्यादा अशी: लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर, इंजिन ३६० सीसी. आजच्या कित्येक मोटारसायकलींचे इंजिनही याहून मोठे असते.

४/ या चौकटीत चारही चाकांना जोर देणारी गाडी बसवण्याचे धाडस ‘होप’ या छोट्या कंपनीने केले. १९६७ च्या सुमारास तिने ‘होपस्टार ओएन३६०’ बाजारात आणली. इंजिन मित्सुबिशीचे होते. कल्पना उत्तम, पण ती मोठ्या प्रमाणावर उत्पादनात उतरवण्याचे बळ कंपनीपाशी नव्हते. मोजक्याच गाड्या तयार झाल्या.

५/ येथे ओसामू सुझुकी कथेत येतात. जन्माने ते मात्सुदा. सुझुकी घराण्याचे जावई झाले आणि जपानी प्रथेनुसार सासरचे आडनाव त्यांनी घेतले. कंपनीतील शंकांना न जुमानता त्यांनी या गाडीचे हक्क विकत घेण्याचा आग्रह धरला. १९६८ मध्ये व्यवहार झाला.

६/ एप्रिल १९७० मध्ये ‘जिम्नी एलजे१०’ आली. इंजिन ३५९ सीसी, ताकद अवघी २५ अश्वशक्ती, वजन सुमारे ६०० किलो. स्टेपनी मागे टांगली असती, तर लांबी ३ मीटरांपलीकडे गेली असती. म्हणून ती आत, मागच्या एका आसनाच्या जागी ठेवली. परिणामी गाडीत तिघांचीच सोय झाली. नियमाची अशी किंमत मोजावी लागली.

७/ मात्र त्याच नियमाने तिला तिचा गुण दिला. हलकी गाडी चिखलात कमी रुतते. अरुंद गाडी पायवाटेवरूनही निघते. छत काढले, काच आडवी केली, की चालक आणि रान यांच्यामध्ये काहीच उरत नाही: वास, वारा, धूळ, पक्ष्यांचे आवाज सारे थेट. कडक पाट्यांमुळे बसणारे हादरे हा त्या सुखाचा कर होता.

८/ पुढे निर्यातीसाठी इंजिने मोठी होत गेली. १९८० च्या दशकात ‘एसजे४१०’ जगभर पोहोचली. २०१८ पर्यंत १९४ देश-प्रदेशांत साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास जिम्नी विकल्या गेल्या होत्या. २००७ मध्ये चिलीच्या दोघांनी याच घराण्यातील, बदल केलेली ‘सामुराई’ ओहोस देल सालादो पर्वतावर ६,६८८ मीटर उंचीपर्यंत नेली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

९/ या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने, झटकन वळवताना सामुराई उलटू शकते, असे सांगून तिला अस्वीकारार्ह ठरवले. सुझुकीने चाचणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेऊन १९९६ मध्ये दावा लावला. २००४ मध्ये तडजोड झाली. उंच बांधा आणि अरुंद चाकांतर डोंगरात उपयोगी पडते, पण महामार्गावर तेच जपून हाताळावे लागते.

१०/ भारतात १९८२ मध्ये मारुती आणि सुझुकी यांचा करार झाला. त्यामागेही ओसामू सुझुकीच होते. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने ‘जिप्सी’ आणली: ९७० सीसी इंजिन आणि जपानी मूळ गाडीहून लांब बांधा. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन आले. रूप मात्र जवळपास तेच राहिले.

११/ लष्कराने तिला सीमेवर नेले, पोलिसांनी गस्तीवर, स्पर्धकांनी ‘रेड-द-हिमालय’च्या बर्फात. महाराष्ट्राने तिला ताडोबात पाहिले. तिथे उघडे छत ही चैन नव्हती, तो कामाचा भाग होता: वाघाची चाहूल आधी कानांना लागते, डोळ्यांना नंतर.

१२/ २०१९ च्या सुमारास अपघात-सुरक्षा व प्रदूषणाचे नवे निकष आले आणि सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन थांबले. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी भारतात आली; तिच्यात एअरबॅग आहेत, पण छत पक्के आहे. माणसे वाचवणारे नियम योग्यच आहेत. तरीही हे विसरता येत नाही, की एका नियमाने ही गाडी घडवली आणि दुसऱ्या नियमांनी तिचे छत मिटवले. जुन्या जिप्सी जंगलात जोवर धावतील, तोवर त्या उघड्या आकाशाची साक्ष राहील.