सत्याग्रही चित्रकाराचे रेखाचित्र

चित्रकार लक्ष्मण पै (१९२६–२०२१) यांचे शब्दचित्र रेखाटताना आम्हांस तुरुंगाची सावली वगळता येत नाही. आसोळण्यात डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी उतरलेल्या राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडली. मडगावचेच सुपुत्र असलेले पै त्या लढ्यात उतरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अटकही केली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले पै १९५१ मध्ये पॅरिसला गेले. तेथील दहा वर्षांतही त्यांची रेषा भारतीयच राहिली. ‘गीतगोविंद’ त्यांनी तेथेच रंगविले. ख्रिस्ती डॉक्टरांचे घर आणि हिंदू चित्रकाराची रेषा, गोव्याच्या मुक्तीला दोहोंचा हातभार लागला. सांताक्रूझच्या आम्हां गोमंतकीय कुटुंबांनी हा समाईक वारसा मुलांना सांगायला हवा.