तारेवरच्या टपालाची आवक-जावक

शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. पत्राबद्दल वाद झाला की आपण प्रथम ती उघडतो. संगणकांच्या जाळ्यात अशी वही कोण ठेवतो?

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची घटना पाहा. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्यांचा निषेध म्हणून जूनमध्ये 'मिलवर्म' या परदेशी गटातील किशोरवयीन मुलांनी केंद्राच्या संगणकांत शिरकाव केला, वेबपान बदलले आणि ई-मेल पळवले. हा पराक्रम त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितला. पण अशा वेळी घुसखोराच्या शब्दावर किती विसंबायचे? ज्या संगणकात तो शिरतो, तेथील नोंदी तो पुसूही शकतो. म्हणून तारेवरून गेलेल्या मजकुराची प्रत वेगळ्या यंत्रावर हवी.

1986 साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबात 75 सेंटची तफावत निघाली. क्लिफर्ड स्टॉल यांनी बाहेरून येणाऱ्या 50 जोडण्यांवर छपाईयंत्रे बसवली. घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उमटली आणि माग जर्मनीतील हॅनोवरपर्यंत पोचला. पुढे याच प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅककॅन व व्हॅन जेकबसन यांनी हवा तेवढाच मजकूर वेगाने टिपणारी चाळणी रचली. तिच्यावरील निबंध 1993 साली प्रसिद्ध झाला.

मात्र सारेच साठवायचे तर? सेकंदाला 10 कोटी बिट वाहणारी तार घ्या. 8 बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 1.25 कोटी बाइट. दिवसाचे सेकंद 86,400. गुणाकार करा: दिवसाला 1,080 गिगाबाइट! वेग दहापट झाला की साठाही दहापट.

2005 साली बर्कली व म्युनिकच्या संशोधकांनी 'टाइम मशीन' ही रचना मांडली. त्यांच्या निरीक्षणानुसार जाळ्यावरची बहुतेक संभाषणे छोटी असतात. थोडी लांबलचक संभाषणेच बहुतेक जागा खातात. म्हणून प्रत्येक संभाषणाचे पहिले 10 ते 20 हजार बाइट ठेवायचे, उरलेले सोडायचे. साठा 90 टक्क्यांहून अधिक घटला, आणि बहुतेक संभाषणे पूर्ण राहिली. अर्थात, लांब संभाषणाच्या शेपटात दडलेले काही निसटू शकते.

आणखी एक अडचण गणिताने सुटत नाही. आपल्या वहीत पत्राचा फक्त विषय असतो. येथे निरपराध माणसांच्या पत्रांच्या प्रतीही साठतात. ही वही कोणी, केव्हा उघडावी, याची चर्चा वर्गात अवश्य घ्यावी.