मेलेल्या माणसाचे पैसे

काही वर्षांपूर्वी आमची टीम एका ब्रिटिश बँकेसाठी काम करत होती. ग्राहकांना किती परतावा द्यायचा ते मोजणाऱ्या प्रोग्रॅमचं टेस्टिंग माझ्याकडे होतं. एका कॉलममध्ये ग्राहकाची स्थिती असायची: चालू, बंद, मृत. 'मृत' दिसलं की प्रोग्रॅम ती नोंद बाजूला काढून ठेवायचा, कुणीतरी हाताने तपासावी म्हणून. मनात यायचं, माणूसच नाही तर पैसे कुणाचे? पण डेडलाईनच्या धबडग्यात प्रश्न तसाच राहिला. नंतर निवांतपणे वाचायला घेतलं, तर प्रकरण भलतंच जुनं निघालं.

आधी हे पैसे कसले ते सांगतो. ब्रिटनमध्ये कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलं की बँका सोबत एक विमा चिकटवायच्या. नाव पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, म्हणजे पीपीआय. आजारी पडलात किंवा नोकरी गेली तर हप्ते विमा कंपनी भरणार. कल्पना वाईट नव्हती. पण तो स्वतःचा धंदा करणाऱ्यांना, निवृत्तांना, आधीपासून आजारी असलेल्यांनाही विकला गेला, आणि यातल्या अनेकांना अटींप्रमाणे दावा करताच आला नसता! काहींना तर आपण विमा घेतलाय हेच ठाऊक नव्हतं. एकरकमी प्रकारात सगळा प्रीमियम कर्जातच मिळवायचे आणि वर त्यावर व्याजही लावायचे. अशा जवळपास ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या, बहुतेक १९९० ते २०१० या काळात.

२००५ साली सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने याविरुद्ध औपचारिक तक्रार केली. २०१० मध्ये नियामकाने तक्रारी हाताळण्याचे नियम कडक केले, तर बँकांची संघटना कोर्टात गेली. एप्रिल २०११ मध्ये ती हरली, मे महिन्यात तिने अपिलाचा नाद सोडला, आणि मग परताव्याचा बांध फुटला. तक्रारीची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. २०११ पासून एकूण ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत गेली.

आता मूळ प्रश्न. पॉलिसी वीस-वीस वर्षं जुन्या, तेव्हा कितीतरी ग्राहक मधल्या काळात वारलेले. इंग्लिश कायद्यात एक जुनं तत्त्व होतं: व्यक्तीचा वैयक्तिक दावा व्यक्तीबरोबरच मरतो. करारातल्या देण्याघेण्याला बहुतेक सूट होती, पण कुणी इजा केली आणि निकालाआधी माणूस गेला, तर खटलाही गेला. मोटारी वाढल्या, अपघात वाढले, तेव्हा यातला अन्याय उघडा पडला. शेवटी १९३४ च्या कायद्याने बदनामीसारखे मोजके अपवाद सोडून सगळे दावे मृताच्या इस्टेटीसाठी जिवंत ठेवले. गंमत म्हणजे आपल्याकडे कंपनी सरकारने वारसांच्या दाव्यांचा (मर्यादित का होईना) कायदा १८५५ सालीच केला होता, आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ३०६ साधारण तेच सांगतं.

म्हणजे तक्रार करायची तर कुणी? मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाने, नसेल तर कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाने. कर्ज जोडनावाने असेल तर हयात जोडीदार स्वतःच करू शकतो. मिळणारी रक्कम म्हणजे भरलेले प्रीमियम, त्यावर लागलेलं व्याज, आणि वर वर्षाला ८ टक्के सरळव्याज. पण ती फॉर्म भरणाऱ्याच्या खिशात नाही, इस्टेटीत जाते. आधी मृताची देणी, मग वारस.

खरी अडचण पुराव्याची. "विमा घेतला तरच कर्ज मिळेल" असं काउंटरवर म्हटलं गेलं होतं की नाही, ते सांगणारा माणूसच उरलेला नाही. मग कागदांनी बोलायचं. अर्जावर 'स्वतःचा व्यवसाय' लिहिलेलं असेल आणि पॉलिसी फक्त पगारदारांच्या उपयोगाची असेल, तर ते पुष्कळ झालं.

इथे २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा प्लेव्हिन निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या विधवा बाईंच्या ५,७८० पौंड प्रीमियमपैकी ७१.८ टक्के नुसतं कमिशन होतं, आणि ते त्यांना सांगितलंच नव्हतं. कोर्टाने हा व्यवहार अन्याय्य ठरवला. पुढे नियामकाने सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांवरचं लपवलेलं कमिशन परत करायला लावलं. यात साक्षीदार लागत नाही. कमिशनचा आकडा बँकेच्याच वहीत असतो, आणि ग्राहक वारला म्हणून तो पुसला जात नाही.

तरी शेवटची तारीख मेलेल्यांनाही लागू होती. ज्यांना वडिलांच्या फाईली २०२० मध्ये सापडल्या, त्यांच्या हाती अपवादात्मक कारण नसेल तर फारसं काही उरलं नव्हतं.

असो. आपल्याकडेही एफडी करायला गेलेल्या आजोबांना विमा चिकटवल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. विमा लोकपालाच्या २०१७ च्या नियमांनुसार कायदेशीर वारस आणि नॉमिनीही तक्रार करू शकतात, कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. पण त्याआधी एक साधं काम आहे. या रविवारी आई-बाबांना पॉलिसीची फाईल काढायला लावा आणि ती घेताना कोण काय म्हणालं होतं, ते विचारून तारखेसकट लिहून ठेवा. मी गेल्या महिन्यात बसलो होतो. तीन पॉलिसी निघाल्या, त्यातली एक बाबांना आठवतही नव्हती.